नोवॅक कोचना परत बोलवायचं का

मिशिगनमधल्या त्या छोट्या कॉलेजात शोभना पांढरीपांडेचं आडनाव पूर्ण म्हणायचा प्रयत्न करणारा एकच माणूस होता, आणि तो तिच्या गणिताच्या खात्यातला नव्हता. बाकी सगळे तिला ‘प्रोफेसर पी’ म्हणून मोकळे होत. फुटबॉलचे कोच हॅरल्ड नोवॅक मात्र पहिल्याच भेटीत, खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाले, ‘तुमचं नाव सावकाश तोडून सांगा, मी शिकतो.’ त्यातला ‘ढ’ त्यांना कधीच जमला नाही. पण म्हणायचं त्यांनी सोडलं नाही.

याला वीस वर्षं होऊन गेली. शोभना तेव्हा नवीन होती. नागपूरला एम.एस्सी. करून लग्नानंतर इकडे आलेली, इथे पीएच.डी. केलेली. नवरा संजय नोव्हायला एका गाड्यांच्या कंपनीत सीटची डिझाइनं करायचा, आणि ती तासभर ड्राइव्ह करून कॉलेजला यायची. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. नाव फुटबॉल असलं तरी इथे चेंडू पायापेक्षा हातातच जास्त असतो आणि हेल्मेटं घातलेले धिप्पाड पोरगे एकमेकांवर आदळतात, एवढंच तिच्या लक्षात आलं होतं. नोवॅक आले होते एका खेळाडूसाठी. तो तिच्या बीजगणितात गटांगळ्या खात होता. हे आता मार्क वाढवून मागणार, असं समजून तिने आवाज कडक करून ठेवला.

‘मी तुमच्या वर्गात मागे बसलो तर चालेल का?’ त्यांनी विचारलं. ‘मला कळलं, तर मी त्याच्याकडून करून घेईन.’

आणि तो दाराएवढा माणूस शेवटच्या बाकावर त्या पोराशेजारी जवळजवळ महिनाभर बसला. गृहपाठ करून आणला. चुकला तिथे हात वर करून विचारलं. पोरगा बऱ्यापैकी पास झाला. कोच परीक्षेला बसले असते तर काठावर सुटले असते, असं शोभना संजयला हसत सांगायची. पण सांगताना तिचा आवाज बदलायचा.

खेळाडूंच्या अभ्यासावर लक्ष ठेवायला कॉलेजला एक प्राध्यापक नेमावा लागतो. ते काम कुणालाच नको असतं, म्हणून ते शोभनाकडे आलं आणि तिच्याकडेच राहिलं. शनिवारी मॅच बघायला ती संजयला घेऊन जायला लागली. मग आठ वर्षांपूर्वी नोवॅक निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात त्यांनी दोन वाक्यांत आभार मानले आणि खुर्च्या उचलायला लागले.

ते गेल्यापासून टीमची रया गेली. एक कोच आला, गेला. दुसरा तरुण, हुशार. पण जानेवारीत त्याला मोठ्या युनिव्हर्सिटीत नोकरी मिळाली आणि तो आठवड्याच्या आत सामान बांधून निघाला. खेळाडू कॉलेज सोडायच्या गोष्टी करू लागले. जुन्या विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या प्रेसिडेंट बाईंचा फोन वाजता ठेवला. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, नोवॅकना परत आणा. बाईंनी पाच जणांची कमिटी केली आणि त्यात शोभनाला घातलं.

‘घ्या की परत,’ संजय जेवताना म्हणाला. ‘माणूस सोन्यासारखा आहे.’

‘सोन्यासारखा आहे, पण शहात्तर वर्षांचा आहे,’ शोभना म्हणाली. ‘हिप रिप्लेस केलंय. आठ वर्षांत खेळ बदलला, पोरं बदलली. खरं सांगू का? या लोकांना कोच नकोय रे, त्यांना स्वतःची कॉलेजातली वर्षं परत हवीत.’

स्पीकरवर त्यांची मुलगी अनया होती, सनीव्हेलहून. ‘आई, दॅट्स सो एजिस्ट,’ ती म्हणाली. ‘यू आर फिफ्टी-नाइन, बाय द वे.’

‘म्हणूनच म्हणतेय,’ शोभना म्हणाली.

कमिटीत दोघं बाजूने, दोघं विरुद्ध. राहता राहिली शोभना. प्रेसिडेंट बाई म्हणाल्या, ‘मत देण्याआधी एकदा त्यांना भेटून या.’

फेब्रुवारी होता. नोवॅक फोनवर म्हणाले, ‘मी तळ्यावर असतो, तिकडेच या.’ शोभनाला वाटलं, तळ्याकाठी घर असेल. गाडीतून उतरून पाहते तर काठावर कुणी नाही. समोर पांढरं, सपाट, नजर पोचेल तिथवर गोठलेलं पाणी, आणि त्याच्या मधोमध एक लाकडी खोपटं. तिथून नोवॅक हात हलवत होते. इतकी वर्षं मिशिगनमध्ये काढून तिने गोठलेल्या तळ्यावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. नागपूरच्या उन्हात वाढलेलं तिचं मन ते मानायलाच तयार नव्हतं. कोच काठापर्यंत आले, आपली काठी तिच्या हातात दिली आणि पुढे चालू लागले. मध्येच पायाखालून एक लांबलचक आवाज गेला, कुणी खोल तळाशी दोरी ताणून सोडल्यासारखा. ती जागच्या जागी थिजली.

‘बर्फ वाढतोय,’ ते म्हणाले. ‘बोलतोय तोवर ठीक असतं.’

खोपट्यात बर्फाला पाडलेलं एक गोल भोक होतं, त्यात सोडलेला गळ, आणि एक छोटी शेगडी. शोभनाने आडपडदा ठेवला नाही. ‘कोच, मी तुमच्या विरुद्ध मत द्यायचं ठरवलंय,’ ती म्हणाली. ‘ते तुमच्या तोंडावर सांगावं म्हणून आले.’

ते रागावले नाहीत. थर्मासमधली कॉफी त्यांनी तिच्यासाठी ओतली. ‘तुमच्या जागी मीही तेच केलं असतं,’ ते म्हणाले. ‘पण मला हवंय ते, प्रोफेसर पांडरीपांडे. खोटं कशाला सांगू? सकाळी उठलो की पहिला विचार तोच येतो. फार हवंय.’

एवढा मोठा माणूस इतकं उघडं काही मागेल, याची शोभनाला कल्पना नव्हती. ‘एप्रिलमध्ये प्रॅक्टिस सुरू होईल,’ ती म्हणाली. ‘एक दिवस येऊन बघा. आम्हीही बघू.’

डेरेक म्हणून पस्तिशीचा असिस्टंट कोच होता. तूर्त टीम तोच सांभाळत होता. नोवॅक येणार कळल्यावर त्याचा चेहरा उतरला, पण त्याने त्यांना मैदानावर नेऊन पोरांची ओळख करून दिली आणि तो आपल्या कामाला लागला. कमिटी स्टँडमध्ये बसली होती. हवेत गारठा होता, शोभनाने हात बाह्यांत ओढून घेतले होते. नोवॅक कडेला नुसते उभे होते. एक शब्द बोलत नव्हते. शेजारचे गृहस्थ पुटपुटले, ‘बघा, म्हातारा झोपला.’

तेवढ्यात दुखापती बघणारी ट्रेनर एका खेळाडूला घेऊन इमारतीकडे गेली; त्याचा पाय मुरगळला होता. आणि त्याच सुमारास मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जमाल नावाचा मुलगा, चेंडू पकडून सावकाश परत येता येता, खाली पडला. कुणी धडक दिली नव्हती. तो अडखळलाही नव्हता. उभा होता, आणि मग नव्हता.

पोरं हसली. त्यांना वाटलं, नाटक करतोय. हसला नाही तो एकच माणूस, आणि तो निघालाही होता. नवं हिप, शहात्तर वर्षं, आणि तो माणूस धावत होता. वाकडातिकडा, एका बाजूला झुकत, पण धावत. शोभना कधी उठली आणि कधी खाली पोचली, हे तिला नंतर आठवेना.

जमालचे डोळे अर्धवट उघडे होते आणि छाती हलत नव्हती. नोवॅक गुडघ्यांवर बसले, दोन्ही तळवे एकावर एक छातीच्या मधोमध ठेवले आणि दाबायला लागले, जोरात, भराभर. दाबता दाबता बोलत होते. आवाज मुळीच चढलेला नव्हता. पोरांची नावं त्यांना माहीत नव्हती, म्हणून ते जर्सीवरचे नंबर घेत होते. ‘डेरेक, शॉक द्यायचं मशीन जिमच्या दाराशी आहे, तुझ्याइतकं जोरात कुणी पळत नाही. बावीस, उत्तरेचं गेट उघड आणि तिथेच थांब. प्रोफेसर, नाइन वन वनला फोन, उत्तरेचं गेट सांगा. बाकी सगळे गोल उभे राहा, तोंडं बाहेर. तुमचा मित्र आहे, तमाशा नाही.’

साठ पोरांनी पाठी फिरवल्या. काहींचे खांदे हलत होते. शोभना फोनवर गेटचं नाव सांगत होती आणि तिला स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा वाटत होता. त्या कड्याच्या आत नुसती कोचची मोजणी ऐकू येत होती.

मग ते म्हणाले, ‘माझे हात संपले.’ त्याच आवाजात. जणू कॉफी संपली. ‘चोपन्न, आत ये. इकडे बस. माझ्या हातांकडे बघ, माझ्याबरोबर मोज. पुढच्या एकला तू.’ आणि एक ठोकाही न चुकता त्यांचे हात निघाले आणि त्या मुलाचे हात तिथे आले. ‘खोल दाब. अजून. असं. छान.’ तो थकायच्या आत त्यांनी तिसऱ्याला बसवलं होतं. प्रत्येकाकडे बघून ते ओळखत होते की हा आता थकणार. त्या पोराला कळायच्या आधी त्यांना कळत होतं.

डेरेक मशीन घेऊन आला तेव्हा त्याला धाप लागली होती, पण हात स्थिर होते. त्याने जर्सी फाडली, पट्ट्या चिकटवल्या. मशीनने सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. शॉक बसला. पुन्हा हात छातीवर. आणि मग जमालने एक ओढून घेतलेला, घशात अडकलेला श्वास घेतला. शोभनाने आयुष्यात बाळंतपणापासून मरणापर्यंत बरंच पाहिलं होतं. पण त्या आवाजाने तिच्या अंगावर जो काटा आला, तो घरी पोचेपर्यंत गेला नाही.

अँब्युलन्स गेल्यावर पोरांनी नोवॅकना दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. त्यांना एकट्याने उठता येत नव्हतं.

जमाल वाचला. त्याच्या हृदयात जन्मापासून दोष होता, तो आजवर कुणाच्या ध्यानात आला नव्हता. आठवड्याभरात कमिटी पुन्हा बसली तेव्हा बोलायला काही उरलंच नव्हतं. ‘म्हातारा झोपला’ म्हणणारे गृहस्थ सगळ्यात आधी म्हणाले, ‘त्यांना घ्यायलाच हवं.’ शोभनाचंही मत बदललं होतं, आणि ते तिने लपवलं नाही. प्रेसिडेंट बाईंनी नोवॅकना आत बोलावलं आणि जागा देऊ केली.

‘नाही,’ ते म्हणाले.

कुणालाच कळेना. ‘पण तळ्यावर तुम्ही म्हणालात, हवंय,’ शोभना म्हणाली.

‘अजूनही हवंय. हवंय म्हणून तर नीट विचार करावा लागला.’ त्यांनी तळवे उघडून पाहिले. ‘त्या दिवशी माझे हात संपले ते मला कळलं, कारण ते दुखत होते. म्हणून वेळेवर सोडता आलं. डोकं थकलं तर दुखत नाही, प्रोफेसर. ते आपलं चालूच राहतं. माझ्यामुळे पोरांचं काही चुकलं, तर ते मला सगळ्यात शेवटी कळेल.’

शोभनाने हेच कारण देऊन त्यांच्या विरुद्ध मत दिलं असतं. पण तिने ते वय म्हणून मांडलं असतं, आकडा म्हणून. हा माणूस आपल्याला सगळ्यात हव्या असलेल्या गोष्टीसमोर उभं राहून, ती हातात आलेली असताना, स्वतःविरुद्ध साक्ष देत होता. असं धैर्य तिने कुठल्या खेळात पाहिलं नव्हतं, आणि खेळाबाहेरही.

‘डेरेकला करा,’ ते पुढे म्हणाले. ‘मशीन आणताना तो पडला होता, गुडघा फुटला होता. मशीन त्याने वर धरून ठेवलं होतं. तुमच्यापैकी कुणी पाहिलं नसेल, मी पाहिलं. त्याला चालत असेल तर मी त्याच्या मागे उभा राहीन, विचारलं तर सांगेन. आणि ज्या दिवशी त्याला मी नकोसा होईन, त्या दिवशी त्याने नुसतं घरी जा म्हणायचं. कारण द्यायचं नाही.’

डेरेकला बोलावून विचारलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तसंच ठरलं.

सप्टेंबरच्या पहिल्या मॅचला शोभना आणि संजय स्टँडमध्ये होते. जमाल त्यांच्या पुढच्याच रांगेत बसला होता. खेळणं कायमचं बंद झालं होतं, आणि ते त्याला पचलेलं नव्हतं. टीम मैदानात उतरली तेव्हा त्याने मान दुसरीकडे वळवली. पण मॅच सुरू झाल्यावर त्याच्या शिट्ट्या सगळ्यात मोठ्या होत्या.

खेळ शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. शेवटच्या क्षणांत डेरेकने मागे वळून काही विचारलं. नोवॅकनी मान हलवून दोन शब्द सांगितले. डेरेकने ते ऐकले, क्षणभर थांबला, आणि नेमकं उलटं केलं. डाव फसला. मॅच एका गुणाने गेली.

स्टँड रिकामा होत असताना शोभना खाली उतरली. नोवॅक पाण्याच्या बाटल्या गोळा करत होते.

‘त्याने तुमचं ऐकायला हवं होतं,’ ती म्हणाली.

‘मी किक मारून एक गुण घे, बरोबरी कर म्हटलं होतं,’ ते म्हणाले. ‘चुकलं माझं. त्याच्या डावाला जिंकायची संधी जास्त होती. मी घाबरलो होतो.’ मग त्यांनी मैदानाच्या मध्यावर पोरांना जवळ घेऊन बोलत असलेल्या डेरेककडे पाहिलं, आणि त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की शोभनाला नजर हटवता येईना. मॅच हरलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. संजय वरून गाडीची किल्ली हलवून बोलावत होता. ती गेली नाही. तिने खाली वाकून एक बाटली उचलली, मग दुसरी, आणि दोघं मिळून ती रांग आवरू लागले.