ती नको म्हणाली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात नाही, संस्थेत नाही. आणि व्यासपीठावर तर नाहीच – तिथे मी वर्षानुवर्षं नेमकं याच्या उलट सांगत आले. मग आता तुम्हाला का सांगते? वैताग आलाय म्हणून. स्वतःच्याच तोंडून तीच खोटी गोष्ट ऐकण्याचा वैताग.

धारूरच्या डोंगराकडेला आमचं गाव. बायकांची दूध संस्था, मी तिची सचिव. दुष्काळाचं साल होतं, निम्मी जनावरं चारा छावणीवर गेलेली. त्याच उन्हाळ्यात शहरातल्या एका ट्रस्टची गाडी आमच्याकडे यायला तयार झाली. स्तनांच्या कॅन्सरची तपासणी – ज्यांचा विमा नाही, कसलं कार्ड नाही, अशा बायकांसाठी फुकट. आमच्यात विमा होता कुणाचा? काहींच्या म्हशींचा होता, तेवढाच.

मी दारोदार फिरले. प्रत्येकीचं काहीतरी निघायचं – मला काय धाड भरलीय, अंग कशाला दाखवायचं, सासूला विचारते, उद्या सांगते... डॉक्टर बाई आहे, पडद्याआड तपासणार आहे, एवढं सांगता सांगता घसा बसला माझा. एकट्या सुलोचनाला काही समजवावं लागलं नाही. ती संस्थेची सभासद. नवरा म्हशी घेऊन छावणीवर, घरात अंथरुणाला खिळलेली सासू आणि सात वर्षांची मनीषा. दूध घालायला आली तेव्हा चार दिवस आधीच तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, काखेजवळ गाठीवाणी लागतंय म्हणून.

म्हणजे मला माहीत होतं. हे नीट ऐका – मला माहीत होतं.

पण त्याच्या आदल्या महिन्यात, भर सभेत उभी राहून ती म्हणाली होती की सचिवबाई तिच्या दुधाची फॅट कमी लावतात, म्हणून तिला भाव कमी मिळतो. मी लावत नव्हते. आणि ते आता इथे कशाला सांगते आहे? बघा, बाजू मांडायची खोड अजून जात नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळपासून माझं डोकं फिरलेलं. पडद्याला दोरी नाही, डॉक्टरबाईंना चहा नाही, प्रत्येक बाई तेच तेच विचारतेय. सुलोचना सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती, पण तिनं दोन म्हाताऱ्यांना आपल्या पुढं जाऊ दिलं. तिची पाळी आली, आणि नेमका तेव्हाच टँकर आला. चार दिवसांनी आलेला टँकर. अर्ध्या बायका उठून पळाल्या.

सुलोचना पळाली नाही. ती माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "अक्का, माझे दोन हंडे तेवढे भरून घ्यायला सांगा कुनाला तरी. नंबर आलाच हाय माजा."

आमचं पाणी आमची सून भरत होती, समोरच, रांगेत. मी नुसती हाक मारायची होती. किती वेळ लागला असता?

मी म्हणाले, "तुझं पाणी भरायला बसलेय का मी हितं? ज्याचं त्यानं बघावं."

 ती हातातली नंबराची चिठ्ठी टेबलावर ठेवून गेली.

डॉक्टरबाईंनी दोनदा विचारलं, ही बाई कुठं गेली, थांबू का? त्या थांबायला तयार होत्या हो! मी सांगितलं, ती नको म्हणाली.

सुलोचना आली तेव्हा गाडी गेलेली होती. पदर ओला, धापा टाकत. पुढच्या वेळेला बघू, म्हणाले मी. तिच्यासाठी पुढची वेळ आलीच नाही. वर्षभरानं तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. त्यानंतरच्या दिवाळीपर्यंतही ती राहिली नाही.

आणि मी काय केलं? मी तिची गोष्ट केली. प्रत्येक शिबिरात, प्रत्येक मेळाव्यात – दोन हंड्यांसाठी जीव गमावणारी आमच्या गावची बाई. बायका डोळे पुसायच्या आणि रांगेत उभ्या राहायच्या. माझे सत्कार झाले. शाली ठेवायला कपाटात जागा नाही.

परवा तालुक्याला असंच शिबिर होतं. मनीषा आता नर्स झाली आहे. माईक तिच्या हातात दिला. ती ताठ उभी राहून म्हणाली की तिची आई अडाणी होती, तिला स्वतःच्या जिवाची किंमत कळली नाही. माझेच शब्द. एकही इकडचा तिकडे नाही. खाली उतरून ती माझ्या पाया पडली.

"अक्का, तुमी येवढं घरी जाऊन सांगितलं, तरी तिनं ऐकलं न्हाई. मला अजून राग येतो तिचा."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. 

एक मुलगी आपल्या मेलेल्या आईवर चिडून आहे, आणि तो राग मी तिला शिकवला. सुलोचना नको म्हणाली नव्हती. तिला तपासून घ्यायचं होतं. तिनं माझ्याकडे एक हाक मागितली, आणि ती मी मारली नाही.