प्रार्थना झालेलं खोकं

मंगळवारी सकाळी सव्वासातला चर्चमागच्या हॉलमध्ये मावशींचं शिवणयंत्र सुरू होतं. परदेशातल्या मिशन दवाखान्यासाठी रुग्णांचे झगे शिवायचं काम चर्चच्या मंडळीने त्यांच्याकडे सोपवलं, तेव्हा त्यांचे केस काळे होते. आता दोरा ओवायला त्या यंत्र खिडकीपाशी ओढून नेत, तरी तो सुईच्या नेढ्याला चुकवून बाजूने जाई. हे सुनेला ठाऊक होतं. सून महिला मंडळाची सेक्रेटरी. घरातलं चारचौघांत सांगायला तिला फार आग्रह करावा लागत नसे.

शेजारच्या खोक्यात जुने चष्मे होते. त्याच दवाखान्याच्या आवारात प्रौढांना लिहा-वाचायला शिकवतात, त्यांच्यासाठी. मावशींनीही नवरा गेल्यावर डबीत पडून राहिलेला त्याचा चष्मा दिला होता. द्यायच्या आधी आपण घालून पाहावा, हे त्यांच्या मनातही आलं नाही. तो जिवंत असताना त्याच्या वस्तूंना हात लावायची कुणाची टाप नव्हती. रविवारी पाळकांनी खोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. प्रार्थना झाली की खोकं तिकडचं झालं, त्यातून काही काढायचं नाही, हा मंडळीचा जुना रिवाज.

आज दोरा तुटला आणि काही केल्या पुन्हा जाईना. मावशींनी दाराकडे पाहिलं आणि खोक्यात वरच असलेला नवऱ्याचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. नेढं लख्ख दिसलं. मग हातातला झगाही दिसला. शिवण दारुड्यासारखी झोकांड्या खात गेली होती. त्याखालच्या झग्याचीही तीच गत. त्या मुकाट्याने उसवायला बसल्या.

तेवढ्यात महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई आणि सून आत आल्या. मावशींनी चष्मा परत मिळेल का विचारलं; आमच्या ह्यांचाच आहे, म्हणाल्या.

"प्रार्थना झालीय, मावशी," अध्यक्षीणबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "तिकडे बिचारे म्हातारपणी अक्षरं गिरवताहेत. तुम्हाला आता काय वाचायचंय?"

"वाचायला नको. शिवायला हवाय."

सुनेने एक झगा उजेडात धरला. "आई, हा घालून पेशंट आजाराने नाही, लाजेने मरेल."

दोघी हसल्या. सवयीने मावशीही हसल्या. चष्मा असला की सगळे उसवून पुन्हा शिवते, असं त्या म्हणाल्या. तेव्हा अध्यक्षीणबाईंनी मंडळाचा निर्णय सांगितला. यंत्र सुनेकडे द्यायचं गेल्याच बैठकीत ठरलं होतं. सूचना कुणाची, हे अध्यक्षीणबाईंनी सांगितलं नाही आणि मावशींनी विचारलं नाही.

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि खोक्यात ठेवला. घाईत काड्या उघड्याच राहिल्या होत्या. सुनेने त्या मिटल्या, खोक्याला चिकटपट्टी लावली आणि मावशींच्या खुर्चीवर बसून पहिल्याच प्रयत्नात दोरा ओवला.

उद्या सकाळी नऊला खोकी न्यायला ट्रक येईल. हॉलची किल्ली मावशींकडे असते, त्यामुळे दार त्याच उघडतील, नेहमीसारखं सातला.