आत्याच्या खेळाची नवी आवृत्ती

मला नीटनेटकेपणाचा रोग आहे. दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायलो तरी भांडं विसळून पालथं घालून येतो. घरचे त्याला गुण म्हणतात. या गुणापायी आपण आत्याचं आठ महिन्यांचं लिहिणं पुसून टाकलं असावं, हे मला एका शनिवारी सकाळी कळलं. खालापूरला माझ्या स्वयंपाकघरात बसलो होतो, चहाचा दुसरा कप अजून अर्धा होता.

आत्या कर्जतजवळ दहिवलीला राहते. कडावच्या शाळेत तिनं जन्मभर पोरं शिकवली. मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. बोलणं हळूहळू परत आलं, पण मधेच एखादा शब्द सापडेनासा होई आणि मग ती भिंतीकडे बघत बसे. डॉक्टर म्हणाले, डाव्या हाताला आणि डोक्याला रोज काम द्या. म्हणून तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर दोन गोष्टी सुरू झाल्या. एक, पालथ्या पत्त्यांतून जोड्या शोधायचा खेळ. दुसरी, रोज एक पान लिहायचं, जे आठवेल ते. डाव्या हाताच्या एका बोटानं एका पानाला अख्खी सकाळ जायची.

"पुरं झाल्याबगर कुणी वाचायचं नाय," अशी तिची अट होती. त्यामुळे मी त्या पानांची प्रतही काढून ठेवली नव्हती. प्रत काढणं म्हणजे वाचणं नव्हे, एवढं मला कळतं. पण तिचा शब्द मोडायची आमच्या घरात कुणाची टाप नाही.

खेळ फुकटचा. कुणीतरी लांबच्या देशात लिहिलेला आणि मूळ कोडसकट सगळ्यांना मोकळा करून दिलेला. पण त्यातले पत्ते बारीक होते आणि उलटायला माउस लागायचा. मी कोड उतरवून घेतला, पत्ते मोठे केले, सगळ्या कळा कीबोर्डच्या डाव्या अंगाला आणल्या. मग तो कंपाइल करायला बसलो, म्हणजे माणसानं लिहिलेलं यंत्राला चालवता येईल असं करून घ्यायचं. तीन दिवस पडद्यावर नुसत्या चुका. ही लायब्ररी, म्हणजे खेळाला लागणारा दुसऱ्यांचा तयार कोड, नाही; ती आहे पण जुनी आहे. चौथ्या दिवशी एकदाचा खेळ तयार झाला. उरलं पॅकेजचं काम. सगळं एका फाइलीत असं बांधायचं, की आत्यानं दोनदा क्लिक करावं, पासवर्ड टाकावा आणि खेळ आपोआप बसावा.

इथं माझा रोग उफाळला. पॅकेज बांधणाऱ्यांचा साधा नियम आहे, की वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरांना हात लावायचा नाही. मला तो पाठ होता. पण नवा खेळ बसेल आणि जुन्याचा पसारा मागे तसाच राहील, हे मला बघवेना. म्हणून मी एक ओळ घातली: नवा खेळ बसण्याआधी, जुना खेळ ज्या फोल्डरात गुण साठवतो ते अख्खं फोल्डर पुसून टाक. माझ्या लॅपटॉपवर चालवून पाहिलं. एकदम लख्ख. स्वतःवरच खूश होऊन मी फाइल इंटरनेटवर चढवली, आत्याला लिंक पाठवली आणि त्यानंतर नव्या आवृत्तीत काय बदललं त्याचं टिपण लिहायला घेतलं.

टिपणात पहिलंच वाक्य लिहिलं, 'जुने गुण ज्या फोल्डरात असतील ते अख्खे फोल्डर पुसले जाईल.' आणि बोटं थांबली. पहिल्यांदा तिच्याकडे खेळ बसवला तेव्हा ती करवादली होती, "दोन दोन जागा नको रं मला, समदं येकाच ठिकानी ठेव." मी मुकाट्यानं खेळाचे गुण तिच्या पानांच्या फोल्डरात साठवायला लावले होते. माझ्या लॅपटॉपवर खेळाचं फोल्डर वेगळं होतं. तिच्याकडे नव्हतं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. असं पुसलेलं कॉम्प्युटरच्या कचरापेटीतही जात नाही, कायमचं जातं.

फाइल चढवली होती ते पान उघडलं. 'डाउनलोड: १'. सगळ्या जगात ती फाइल उतरवून घेणारं माणूस एकच होतं. मी फाइल काढून टाकली, चोर निघून गेल्यावर दाराला कडी घालावी तशी. फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. काठी टेकत फोनपर्यंत पोचायला तिला वेळ लागतो, हे माहीत असूनही मी प्रत्येक रिंगला आतून आकसत होतो. पाचव्यांदा लावला आणि तो वाजत असतानाच स्कूटरची किल्ली घेतली.

चौकाला वळलो तर कर्जतचा रस्ता रिसॉर्टला निघालेल्या गाड्यांनी भरलेला. त्यात पुढे पेंढ्यानं लादलेला एक टेंपो, डुलत डुलत. मला खरंच भीती वाटत होती, लहानपणी वाटायची तशी. शनिवारी ती खेळत नसेल. पासवर्ड विसरली असेल. असली पाप्याची प्रार्थना मी करत होतो, जिला शब्द आठवावेत म्हणून वर्षभर नवस बोललो तिनं काहीतरी विसरावं म्हणून. मग म्हटलं, देवा, दहिवलीची वीज गेलेली असू दे. महिन्यातून दहा वेळा जाते, आज एकदा माझ्यासाठी जाऊ दे. चारफाट्यावरून पुढे आलो तर दहिवलीची पिठाची गिरणी मजेत चालू होती.

आत्याच्या शेजारीणबाई अंगणात वाल वाळत घालत होत्या. "एवढ्या घाईनं?" त्यांनी सहज विचारलं. चोराच्या मनात चांदणं. "काही नाही, काही नाही," मी दोनदा म्हणालो आणि चप्पल पायात तशीच ठेवून आत गेलो.

आत्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडद्यावर माझे मोठे, सुंदर पत्ते मांडलेले होते. ती खेळत नव्हती. कीबोर्डवर डावा हात नुसताच पडला होता.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. आवाज बारीक. "मला काय तरी झालंय रं."

"काय झालं?"

"माजी पानं नायत. समदीकडं बगितलं." ती थांबली. शब्द शोधत असताना थांबते तशी नाही, बोलायचं धाडस करताना थांबतात तशी. "मी लिवली होती ना? का लिवली असं मला नुसतं वाटतंय? डॉक्टर म्हनले होते, परत झटका आला तर कळनार पन नाय. तसंच झालं असंल?"

रस्ताभर मी तिच्या रागाला भ्यालो होतो, तिच्या रडण्याला भ्यालो होतो. हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी मला पळवाटही दिसली. 'शोधू हं, आत्या,' एवढं म्हटलं असतं तरी दोष तिच्या हाताच्या, नाहीतर डोक्याच्या माथी गेला असता आणि मी गुणी भाचा राहिलो असतो. आतून पाणी आणून प्यायलो. त्या तेवढ्या वेळाची मला आजही लाज वाटते.

"आत्या, लिहिली होतीस तू. मी पुसली."

"तू?"

"नवा खेळ पाठवला ना, त्यात माझी चूक होती. तू काही केलं नाहीस."

"माजं मन राखाया बोलतोस."

"नाही गं."

"शपत नको घेऊस. दाखव मला."

मी खुर्ची ओढली आणि पॅकेजमधली ती ओळ उघडली. हा शब्द म्हणजे शोध. हा म्हणजे गुण जिथं ठेवलेत ते फोल्डर. हा म्हणजे पूस, आणि विचारू नकोस. ती पडद्याजवळ तोंड नेऊन प्रत्येक शब्दावर बोट ठेवत होती. वर्गात पाटी तपासायची तशी. मी एक शब्द भरभर उरकला तर तिनं मला मागे नेलं.

"हे तू लिवलंस?"

"हो."

"तुज्याच हातानं?"

"हो, आत्या."

तिनं लांब श्वास सोडला. मग डाव्या हातानं माझ्या डोक्यात एक टपली मारली, चांगली लागेल अशी. "गाढवा," ती म्हणाली. तिचे डोळे भरून वाहायला लागले होते, पण चेहरा झटक्यानंतर प्रथमच इतका निवांत झालेला मी पाहत होतो. आठ महिन्यांची पानं गेली होती आणि ती त्यांचं नावही काढत नव्हती.

"मंजे माजं डोकं जाग्यावर हाय."

"आहे."

"परत वाच," ती म्हणाली. मी ती ओळ पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला लागलो.