नानाजी मुळ्यांचा उशीर

कुणी "हो जाएगा" म्हटलं की नानाजी मुळे हातातला पाना खाली ठेवायचे, बोलणाऱ्याकडे वळायचे आणि विचारायचे, "किसके हाथ से?" उत्तर मिळेपर्यंत पाना उचलायचे नाहीत. त्या वर्षांत इंदुरात सगळंच आपोआप होणार होतं. देश उदार झाला होता, गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, आणि मंत्र्यापासून पानवाल्यापर्यंत सगळे सांगत होते की नवे कारखाने येतील, नव्या नोकऱ्या येतील, हो जाएगा. हा प्रश्न विचारणारा माणूस मी तेव्हा एकच पाहिला.

नानाजी गिरणीच्या दुरुस्ती खात्यात फिटर होते. त्यांचे वडील खानदेशातून गिरणीसाठी इथे आलेले, त्यामुळे घरात मराठी, कामावर हिंदी आणि शिव्या माळवीत. एका सकाळी फाटकाला कुलूप लागलं आणि नानाजींचा स्वतःचा मायक्रोमीटर आतच राहिला. मालकांनी तीस वर्षांची नोकरी ठेवून घेतली, तिथे मायक्रोमीटरचं काय घेऊन बसायचं! नानाजींनी परदेशीपुऱ्यात घरासमोर पत्र्याचं छप्पर टाकलं आणि जुन्या जीपगाड्या दुरुस्त करायला लागले. "मशीन ती मशीन," म्हणायचे, "ही फक्त पळते."

मी तेव्हा राजेंद्र नगरात आईच्या हातच्या पोळ्या खाऊन क्रांती करत होतो. गिरणी वाचवण्यासाठी कामगारांनी जी समिती काढली होती, तिची पत्रकं मी लिहायचो. 'जबाबदार कोण?' हे माझं आवडतं शीर्षक. खाली ठळक अक्षरात नावं. समितीकडे लष्कराने मोडीत काढलेली एक जीप होती. वेग जरा वाढला की तिची पुढची चाकं अशी थडथडायची की टपावरचा कर्णा न बोलताच घोषणा द्यायचा.

गिरणीची यंत्रं लिलावात निघणार होती. लिलावाविरुद्धच्या अर्जावर कामगारांच्या सह्या घेऊन शुक्रवारी सकाळी कचेरीत हजर व्हायचं होतं, आणि निम्मे कामगार घाट उतरून निमाडात आपापल्या गावी गेले होते. गावं सात, जीप एक. सोमवारी मी ती नानाजींच्या दारात उभी केली.

"नानाजी, उद्या संध्याकाळी पाहिजे. जरा नट कसून द्या, बाकी हो जाएगा."

पाना खाली. "किसके हाथ से?"

"तुमच्याच."

"मग मला विचारून बोलत जा, भिया."

त्यांनी जीप जॅकवर चढवली, पुढचं चाक वरून-खालून धरून हलवलं. ते पडायला आलेल्या दातासारखं हललं. "ही घेऊन घाट उतरणार तुम्ही? सह्या घ्यायला जाल आणि तुमच्याच नावाने सुतक धरावं लागेल."

चाक जिथे वळतं त्या लोखंडी सांध्याला मिस्त्री लोक नकल म्हणतात. त्याच्या वर एक आणि खाली एक बेअरिंग, आणि बेअरिंगच्या टोपणाखाली केसाइतक्या पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम. एक चकती जास्त झाली की सांधा ढिला राहतो आणि चाक थडथडतं. एक कमी झाली की सांधा आवळतो. "मग वळलेलं चाक सरळ यायला तयार नसतं," नानाजी म्हणाले, "तुमच्या अध्यक्षांसारखं." आवळ बरोबर आहे का हे ते रद्दीवाल्याकडच्या आकडीच्या काट्याने बघायचे. आकडी नकलला अडकवायची, ओढायचं, आणि कितीवर हलतं ते वाचायचं. मला हे सगळं बूर्झ्वा चोखंदळपण वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं.

"असेल," ते म्हणाले. "घाटात सांग तिला."

मंगळवारी दुपारी सगळं उघडलेलं होतं. नानाजी राजवाड्याकडच्या बाजारात ऑइल सील आणायला गेले. मी पत्रकांच्या घड्या घालायला त्यांच्या बाकड्यावर जागा करू लागलो. बाकड्यावर वर्तमानपत्राचे चार तुकडे, प्रत्येकावर चकत्यांची एक छोटी ढिगली, काळी, तेलकट. मी म्हटलं, आपणही थोडं श्रमदान करावं. चारही ढिगल्या एका मगात टाकल्या, वर रॉकेल ओतलं, घासून चकचकीत केल्या आणि वर्तमानपत्र फेकून दिलं.

नानाजी आले. मगात बघत राहिले.

"हे काय केलंस?"

"साफ केल्या. किती काळ्या झाल्या होत्या!"

"डाव्या-उजव्या, वरच्या-खालच्या, सगळ्या एकत्र?" ते खाली बसले. "वा भिया! आ गया समाजवाद."

कुठली चकती कुठली, हे मायक्रोमीटर असता तर जाडी मोजून तासाभरात कळलं असतं. तो कुलपाच्या आत. मग नानाजींनी एक-एक चकती बोटांत धरून, लावून, टोपण कसून, काट्याने ओढून पाहिली. पुन्हा खोलली. पुन्हा लावली. बुधवार गेला. मी येरझारा घालत होतो. "चलेल हो, नानाजी, लावून टाका आता!" ते मानही वर करत नव्हते. त्या दोन दिवसांत त्यांनी मला एक शिवी दिली नाही. माळवीतलीसुद्धा नाही.

गुरुवारी दुपारी जीप निघाली. नानाजी स्वतः चालवायला बसले. घाटात एका सरळ तुकड्यावर त्यांनी क्षणभर दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले. जीप रेषेत चालत राहिली. मी घाबरून ओरडलो, ते हसले. अंधार पडेपर्यंत आमची दोन गावं झाली. पाच राहिली.

शुक्रवारी कचेरीतल्या साहेबांनी अर्जाची पानं बोटाने चाळली, सह्या अपुऱ्या आहेत म्हणाले आणि लिलावाला मोकळीक दिली. पुरेशा असत्या तर त्यांनी दुसरं काही शोधलं असतं, याची मला खात्री आहे. पण ती संधी आम्ही त्यांना दिलीच नाही.

संध्याकाळी समितीची बैठक भरली. अध्यक्षांनी विचारलं, "उशीर कुणामुळे झाला?"

माझा प्रश्न होता तो. ठळक अक्षरातला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "गाडी वेळेवर तयार झाली नाही."

वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. सगळ्या माना नानाजींकडे वळल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"हां," ते म्हणाले, "मेरे से देर हो गई."

मागून कुणीतरी म्हणालं, "मालकाचा माणूस आहे हा." नानाजी उठले, चपला घातल्या, बाहेर पडले. मी मागे धावलो.

"नानाजी, तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुला अजून लोकांसमोर बोलायचंय, भिया. लोकांनी ऐकलं पाहिजे तुझं. मला काय, गाड्याच दुरुस्त करायच्यात."

त्याही फार आल्या नाहीत. ज्यांची यंत्रं गेली ते कामगार त्यांच्या छपरासमोरून मान फिरवून जायला लागले. कुणी आपली लूनासुद्धा त्यांच्याकडे नेईना. विजय नगरात नव्या गाड्यांची काचेची दुकानं उघडली. त्यांना अशा माणसाचा उपयोग नव्हता. दोन हिवाळ्यांनी नानाजी गेले. शोकसभेत मी वीस मिनिटं बोललो. निष्ठा, श्रम, कामगारवर्गाचा मूक शिल्पकार. टाळ्या पडल्या. मुळेकाकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सभा संपल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "ह्यांनी खरंच उशीर केला होता का रे? घरी कधी काही बोलले नाहीत."

"जाऊ द्या काकू, आता काय त्याचं," मी म्हणालो.

म्हणून हे लिहिलं. छापून झाल्यावर पहिली प्रत काकूंना देणार आहे, मग परदेशीपुऱ्यात घरोघर. उशीर नानाजी मुळ्यांमुळे झाला नाही. चकत्या मी मिसळल्या. माझं नाव खाली ठळक अक्षरात आहे.