आईच्या गाडीला पाच गुण

आई गेली त्या दिवशी रुग्णवाहिका आली. आई गेल्यानंतर आली.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही — भावालाही नाही.

रुग्णवाहिका चालवणाऱ्या कंपनीच्या चंद्रपूरच्या कार्यालयात मी लोकांचं समाधान मोजते. हसू येतं ना? गाडी मागवलेल्यांना आमच्या मुली फोन करतात — पाचपैकी गुण किती? चार-पाच देणारे समाधानी. त्यांना उत्तर देणाऱ्यांच्या संख्येने भागायचं, शंभराने गुणायचं, झाली टक्केवारी. ज्यांचा फोन लागत नाही ते भागाकारातच नाहीत. त्यामुळे एटापल्लीच्या आतल्या, रेंज नसलेल्या गावांत कुणी कधी नाराज झालेलंच नाही!

आणि ज्यांचा लागतो? आपल्याकडे दारात आलेल्याला कोण नावं ठेवतं? "आली ना बाई गाडी. बेस हाय," म्हातारे म्हणतात. या 'बेस हाय'चे पाच गुण लिहायचे, हे मुलींना मीच शिकवलं. लोकांच्या भिडेला समाधान म्हणायचं — या कामाला मी हुशारी समजत होते.

त्या दिवशी भावाने आमच्या गावाजवळच्या टेकडीवर चढून, रेंज शोधून मला फोन केला. गाडी मी माझ्या नंबरवरून मागवली. म्हणून पुढे गुण विचारायच्या यादीत माझाच नंबर निघाला. फोन करणाऱ्या मुलींमधली संगीता माझ्या टेबलाशी आली. "ताई, तुमाले इचारा लागते... किती टाकू?"

खरा गुण एक होता. पण एक टाकला की चौकशी लागते. उशीर का, त्या रस्त्याला एकच गाडी का — कुणीतरी विचारलं असतं. आमच्या गावाने दुसरी गाडी मागितली होती, तेव्हा साहेबांनी माझीच टक्केवारी दाखवून नाही म्हटलं होतं. चौकशीत माझे सगळे 'बेस हाय' उघडे पडले असते.

"पाच टाक," मी म्हणाले.

"पाच?" संगीताने विचारलं. मग तिने टाकले.

वर्षभराने, आईच्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला घरी गेले. आईच्या फोटोला हार घालता घालता भावाने विचारलं, "तुह्या कंपनीवाल्यायनं तुले काही इचारलं का नाई?"

"नाही."

"आपल्याले कोण इचारते म्हना," तो म्हणाला.

दुःखाने सुन्न होते, असं म्हणता येईल. नव्हते. विचार करून पाच म्हणाले होते.

आमच्या विभागाचे गुण अजूनही चांगले येतात. गावाच्या रस्त्याला आजही एकच गाडी आहे.