आकाशपाळण्यातला दादा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या बसस्थानकावर अमरावतीच्याच गाडीची वाट पाहत उभी होते. त्यालाच भेटायला निघाले होते. पिशवीत त्याच्या आवडीची जवसाची चटणी होती. वहिनी फोनवर एवढंच म्हणाली, "बेबीताई, निघाल्या का तुमी? ...निघाल्या असान तर आता घाई नका करू." मला अर्थ लागायला थोडा वेळ लागला. सकाळी तो शाळेच्या मैदानावर चक्कर मारून आला, हातपाय धुतले, जरा पडतो म्हणाला आणि उठलाच नाही. गाडीने मूर्तिजापूर सोडलं, बडनेरा आलं, आणि चटणीची पिशवी माझ्या मांडीवर तशीच होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. अमरावतीतल्या एका शाळेत पीटी शिकवायचा आणि संध्याकाळी त्याच मैदानावर मल्लखांबाचा वर्ग घ्यायचा. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, वर्ग सुटला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचे जुने विद्यार्थी जमले. कोणी फौजदार झालेला, कोणी डॉक्टर, कोणाची संत्र्याची बाग. एकेक जण उठून बोलला आणि प्रत्येकाच्या बोलण्यात तेच होतं, की सरांना भीती म्हणून ठाऊक नव्हती. मी मान खाली घालून ऐकत होते. कारण मी त्याला भिताना पाहिलं होतं. आणि त्यानंतर त्याला जी लाज वाटली, ती तर माझ्याशिवाय फारशी कोणी पाहिलीच नव्हती. हे लिहू का, असं मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "लिहा ना. त्याईनं सोताच लपवलं नाही, आपण काहून लपवायचं?"

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दादाची मुलगी मनीषा सिंगापूरला असते. वहिनीचे गुडघे दुखत होते, म्हणून तिच्याऐवजी मीच दादाबरोबर गेले. मनीषाची दोन मुलं, अकरा वर्षांचा आर्यन आणि सहा वर्षांची तन्वी. तिथे समुद्राकाठी एक भलामोठा आकाशपाळणा आहे. आपल्याकडच्या जत्रेतल्या पाळण्यासारखा गरगरा फिरणारा नव्हे. काचेच्या खोल्या, आत बाक, गार हवा, आणि ती खोली इतकी हळू वर चढते की चढतेय हे कळतच नाही. पूर्ण फेरीला अर्धा तास लागतो. आर्यन आठवडाभर त्याच्याच गोष्टी करत होता. तन्वीला मात्र जायचं नव्हतं. ती सकाळपासून रडवेली झाली होती आणि दादा सकाळपासून तिला चिडवत होता. "भित्री भागूबाई कोनाची नात हाये रे?" असं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, तेही मराठीत! मनीषाला ऐन वेळी ऑफिसचा फोन आला, ती खालीच थांबली. दारापाशी तन्वीने पाय रोवले. दादाने तिला उचललं, खांद्यावर टाकलं आणि आत शिरला. "आपल्या घरात भेव चालत नाई," तो म्हणाला. ती त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. आतली परकी माणसं हसली. मीही हसले.

खोली वर चढू लागली. आर्यन काचेला नाक लावून जहाजं मोजत होता. दादा मधोमध उभा होता, दोन्ही हात कमरेवर. मग इमारतींचे माथे आमच्या खाली गेले, आणि मला दिसलं की दादाचे हात कमरेवरून सुटून हवेत काहीतरी शोधताहेत. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "बेबी," तो म्हणाला, "हे थांबव." मला वाटलं थट्टा करतोय. मग तो ओरडला. "थांबवा रे! कोनी तरी थांबवा! उतरवा मले!" ...साठ वर्षांत मी त्याचा तो आवाज ऐकला नव्हता. तो खाली बसला, मग पालथाच झाला आणि बाकाचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून त्याने डोळे मिटले. माणसं मागे सरकली. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, ती घेण्याचंही भान त्याला नव्हतं. आर्यन लाजेने पाठ करून उभा राहिला.

तन्वी मात्र जमिनीवर त्याच्या डोक्याशी मांडी घालून बसली. "नानाजी, डोळे नका उघडू," ती म्हणाली. "मी तुम्हाला आमच्या शाळेतल्या कासवाचं सांगते." आणि तिने खरंच सांगायला सुरुवात केली. कासवाला काय आवडतं, त्याचं पाणी कोण बदलतं, एकदा ते हरवलं तेव्हा कपाटामागे कसं सापडलं. सगळ्यात उंच जागी गेलो तेव्हा ती कासवाच्या वाढदिवसापर्यंत आली होती. खाली पोचेस्तोवर ती थांबली नाही. तिला स्वतःला भीती वाटत होती का, हे विचारायचं आम्हा मोठ्यांपैकी कोणालाच सुचलं नाही.

रात्री जेवताना आर्यनने आपल्या वडिलांना सगळं करून दाखवलं. खुर्चीचा पाय धरून तो जमिनीवर पालथा पडला आणि ओरडला, "थांबवा रे, उतरवा मले!" नक्कल इतकी हुबेहूब होती की सगळे हसले. दादाही हसला, सगळ्यांत मोठ्याने हसला. तन्वी हसली नाही, ताट तसंच टाकून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी दादा खोलीबाहेर येईना. मी चहा घेऊन गेले तर भिंतीकडे तोंड करून बसलेला. "अरे, असं होतं कोणालाही," मी म्हटलं. "तू मल्लखांबावर किती वर चढायचास..."

"मल्लखांबावर हातात लाकूड असते बेबी," तो म्हणाला. "तिथं धरायले काईच नव्हतं." मग त्याने विचारलं, "तो भातकुलीचा पोट्टा... काय नाव होतं त्याचं?"

मला लगेच कळलं तो कोणाबद्दल बोलतोय, आणि नाव मलाही येत नव्हतं. आमच्या घरातली ती फार जुनी हसण्याची गोष्ट होती. भातकुलीहून येणारा एक काटकुळा मुलगा पहिल्यांदा खांबाच्या टोकावर, बोंडावर, उभा राहिला आणि तिथेच गोठला. ना उडी मारेना, ना खाली येईना. दादाने सगळ्या मुलांना खांबाभोवती गोल करून बसवलं. हा उडी मारत नाही तोवर कोणी घरी जाणार नाही, सगळ्यांनी याच्याकडेच बघायचं. अंधार पडत आला तेव्हा त्या मुलाची चड्डी ओली झाली आणि धार खांबावरून खाली आली. खांबाला एरंडेल लावतात. दादा म्हणाला होता, "चला, आज एरंडेल वाचलं!" पोरं खिदळली. तो मुलगा पुन्हा मैदानावर आला नाही. ही गोष्ट दादाने लग्नकार्यांत, पंगतीत कितीदा सांगितली असेल! आम्ही दर वेळी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचो. त्या गोष्टीत त्या मुलाला नावच नव्हतं, आणि ते कधी कोणी विचारलं नव्हतं.

परत आल्यावर दादा मैदानावर गेला नाही. घरी बसून जुन्या मुलांना फोन करत राहिला. नाव मिळालं, विलास. पत्ता माझ्याच गावचा निघाला. अकोल्यात त्याचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. आम्ही दोघं गेलो. विलास आता चाळिशीतला, अंगाने भरलेला गृहस्थ. दादाला बघताच उठला, वाकून पाया पडला, चहा मागवला. दादाने कप हातात तसाच ठेवला आणि पाठ करून आणल्यासारखं बोलला, "विलास, त्या दिवशी मी तुले वर उभं ठेवलं. पोट्टे हासवले तुह्यावर. ते लय वाईट केलं मी. त्याची माफी मांगाले आलो."

विलासने समोरचा पंप उचलून मांडीवर घेतला. त्याची नळी फिरवत तो म्हणाला, "कोनता दिवस सर? मले तर काई आठोत नाई."

"खांबावर... बोंडावर."

"नाई सर. लहान होतो. काई आठोत नाई."

मग दादाने कप खाली ठेवला. पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, चहा निवून गेला. आम्ही उठलो. दुकानाच्या पायरीपर्यंत विलास सोडायला आला आणि त्याने विचारलं, "अजून शिकवता का सर पोरांले?"

"शिकवत होतो," दादा म्हणाला.

"शिकवा ना. चांगली गोष्ट हाये." मग तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "फक्त एक करत जा सर. कोनी वर अडकला... तर बाकीच्याईले त्याच्याकडे पाहू देत नका जाऊ."

आणि तो आत वळला. दादा उन्हात तसाच उभा राहिला. मी हात धरून त्याला सावलीत आणलं. "त्याले सगळं आठोते बेबी," तो म्हणाला. "मले माफ नाई केलं त्यानं. बरोबर केलं." माझ्या घरी तो जेवला नाही, पहिल्या गाडीने परत गेला. आणि दुसऱ्या संध्याकाळपासून मैदानावर जायला लागला, एवढं मला वहिनीकडून कळलं. पुन्हा त्याने हा विषय काढला नाही, मीही काढला नाही. ती जुनी गोष्ट मात्र आमच्या घरात परत कधी कोणी सांगितली नाही.

तेरवी झाल्यावर, मैदानावरच राहिलेली दादाची सायकल आणायला म्हणून मी तिथे गेले. वर्ग चालू होता. त्याचाच एक विद्यार्थी आता शिकवतो. पोरं ओळीत उभी होती आणि आठनऊ वर्षांची एक मुलगी दोरीवर चढत होती. अर्ध्याहून वर गेली, आणि थांबली. पाय दोरीला आवळलेले, मान छातीत. मला कळलं, ही अडकली. शिकवणारा मुलगा काही न बोलता दोरीखाली गादीवर जाऊन उभा राहिला. त्याने कोणाला काही सांगितलं नाही, शिट्टीही वाजवली नाही. पण ओळीतल्या पोरांनी एकामागून एक पाठ फिरवली. अगदी लहान होती तीसुद्धा. सगळी कुंपणाकडे तोंड करून गप्प उभी राहिली, जशी रोजच राहत असावीत.

मग मीही पाठ फिरवली. कुंपणापलीकडे रस्ता होता, त्यावरून एक संत्र्याची गाडी चालली होती. आम्ही सगळे ती बघत उभे राहिलो... बऱ्याच वेळाने मागे गादीवर पाय टेकल्याचा आवाज आला.