जागची न हललेली बस

कुमुदवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मनमाडला एका लग्नाच्या संध्याकाळच्या पंगतीत बसलो होतो. पानात नुकतीच जिलबी पडली होती. "काका, आई गेली," एवढंच माझी पुतणी वर्षा म्हणाली. दुपारी जेवून जरा पडल्या, त्या उठल्याच नाहीत. कुणाकडून पाण्याचा पेलासुद्धा मागून घेतला नाही. वहिनींचं तसंच होतं, एकदा ठरलं की ठरलं, मग कुणाला विचारणं नाही की कुणासाठी थांबणं नाही. नाशिकला पोचेपर्यंत मला त्यांचा चेहरा आठवत राहायला हवा होता. पण डोळ्यांपुढं येत राहिली ती एक पिवळट, धुळकट बस... सौदी अरेबियात, कतीफच्या खजुराच्या बागेत उभी असलेली. त्या बसमध्ये माझ्या भावानं आणि वहिनींनी लढाईच्या दिवसांत संसार थाटला होता, आणि तो थाटायचा हट्ट सर्वस्वी वहिनींचा होता.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, तिकडं एका पेट्रोकेमिकल प्लांटवर मेंटेनन्स इंजिनिअर होता. लग्नानंतरची पाच वर्षं तो तिकडं आणि वहिनी सटाण्याला, आमच्या आईवडिलांपाशी. वर्षातून एकदा महिनाभर नवरा दिसायचा. वर्षा जन्मली तेव्हाही दादा नव्हता. त्यानं लेक पाहिली ती चांगली रांगायला लागल्यावर. अखेर फॅमिली व्हिसा मिळाला, दम्मामला दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला, मिलिंद झाला. मागोमाग दादानं मलाही ओढून नेलं आणि एका गॅरेजात मेकॅनिक म्हणून चिकटवलं. दादा म्हणजे काटेकोर माणूस. मिक्सर घ्यायला गेला तर दुकानदाराला तीनदा चालू-बंद करायला लावणार, वर उलटा करून खालचे स्क्रू बघणार. दुकानदार वैतागून जायचे. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, मला बघायला आले तेव्हा कसे गप्प बसले होते कोण जाणे!"

इराकनं कुवेत घेतलं आणि सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळालं. हिवाळ्यात खरी लढाई जुंपली. दम्माम म्हणजे दहरानच्या विमानतळाच्या कुशीतच. रात्रंदिवस विमानांची घरघर आणि मधूनच सायरन. दादाचं नाव प्लांट चालू ठेवणाऱ्या माणसांत होतं, त्याला हलता येत नव्हतं. कंपनीनं बायकामुलांसाठी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे सरळ मुंबई. दुसरी म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, जेद्द्याच्या शराफिया भागात, चार कुटुंबांत मिळून एक फ्लॅट, आणि तिथं फक्त बायका आणि मुलं. दादा म्हणाला, मुंबई. वहिनी म्हणाल्या, दोन्ही नाही.

"पाच वर्षं भिंतीवरच्या फोटोशी संसार केलाय मी," त्या म्हणाल्या. "एकदा विमानात बसले की परत कधी, ते तुमचा व्हिसावाला कफीलही सांगायचा नाही. आणि तुम्हाला इथं काही झालं तर मला कळणार कुणाकडून? रेडिओवरून?"

दादा चिडला. घरात अबोला सुरू झाला. त्यातच एक प्रकार घडला. विषारी वायूच्या भीतीनं सगळ्यांनीच एकेक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्टीनं बंद करून घेतली होती. आमचीही तयार होती, दादानं स्वतः केलेली, म्हणजे मुंगीलाही आत शिरायला जागा नाही. एका संध्याकाळी दिवेलागणीला सायरन झाला. आम्ही सगळे त्या खोलीत शिरलो, दाराखाली ओला टॉवेल कोंबला. वहिनींनी जाताना देव्हाराही उचलून आत नेला होता. देवांना बाहेर कसं ठेवायचं? मग निरांजन लागलं, उदबत्ती लागली, आम्ही हात जोडून बसलो. थोड्याच वेळात तीन वर्षांच्या मिलिंदची छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. त्याला बालदमा होता. दादा म्हणत होता, थांबा, अजून ऑल क्लिअर झालेलं नाही. वहिनींनी काही ऐकलं नाही. उठून सगळी चिकटपट्टी टराटरा फाडली आणि खिडकी उघडली. बाहेर कसला वायू नव्हता, गार वारा होता. मिलिंदला कडेवर घेऊन त्या म्हणाल्या, "बाहेरच्या भीतीनं माझं पोर आतच गुदमरून मारायचं नाही मला. इथं राहायचं नाही. पण तुम्हाला सोडूनही जायचं नाही."

दादाबरोबर अबू हसन नावाचा ऑपरेटर होता. कतीफचा, बापजाद्यांची खजुराची बाग असलेला. विमानतळापासून दूर, प्लांटवरून संध्याकाळी मोटारीनं येण्याजोगी. त्याच्या बागेत मजुरांना नेण्याआणण्याची एक जुनी बस उभी होती आणि शेजारी पत्र्याची एक खोलीही होती. आम्ही बघायला गेलो तेव्हा दादा ड्यूटीवर होता. मला वाटलं, वहिनी खोली घेतील. त्यांनी खोलीत डोकावून पाहिलं, एकच झरोका. मग बसमध्ये चढून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि जाता जाता एकेक खिडकी सरकवून पाहिली. दोन्ही बाजूंनी वारा आला. "ही," त्या म्हणाल्या.

मी सवयीनं खाली वाकलो. गिअरबॉक्सच नव्हता, कुणीतरी कधीच काढून नेला होता. अबू हसन हसत म्हणाला, "मशीन खलास, मिस्त्री. घर ठीक है!" मी वहिनींना सांगितलं, ही काही हलायची नाही. त्यांनी क्षणभर विचार केला. "भाऊजी, यांना हे सांगायचं नाही. चाकं असतील तरच ते हो म्हणतील. वेळ आली तर तुम्ही आम्हाला घालून रियाधच्या पुढं न्याल, एवढंच मी सांगते." त्यांच्या नजरेला नजर देऊन नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता. मी मनाशी एवढंच ठरवलं की गॅरेजची पिकअप रोज संध्याकाळी बागेतच, खजुराच्या आड आणून लावायची, टाकी भरून. म्हटलं, वहिनींची बस आणि माझी अक्कल, दोन्ही असू द्यावीत.

दादानं ऐकलं, बस पाहिली, एक चक्कर मारली आणि चक्क हो म्हणाला. किल्ली वहिनींनी देव्हाऱ्यात ठेवली, "पोरं खेळतील" म्हणून. मी रोज धास्तीत असायचो की हा आता किल्ली मागेल, इंजिन चालू करून बघेल. मिक्सरचे स्क्रू बघणारा माणूस! पण त्यानं कधी मागितली नाही. पोरं तो गिअरचा लुळा दांडा भेंडीसारखा इकडून तिकडं हलवायची, तोही दादाला कधी दिसला नाही.

आम्ही सीटा काढल्या; ड्रायव्हरची तेवढी ठेवली, कारण घरात खुर्ची एवढी एकच. मागच्या टोकाला शेगडी, मधे गाद्या, बागेच्या पंपावरून ओढलेली वायर आणि एक दिवा. पायरीशी चपला काढल्याशिवाय वहिनी कुणालाही बसमध्ये घ्यायच्या नाहीत, अबू हसनलासुद्धा. त्याच्या बायकोनं ताजी मासळी पाठवली तर आमच्या शाकाहारी वहिनींनी ती नाक न मुरडता माझ्यासाठी तळली आणि भांड्यातून शेंगदाण्याचे लाडू परत पाठवले. थंडी कडाक्याची होती. पुढं कुवेतच्या तेलविहिरी पेटल्या तेव्हा वाळत टाकलेल्या कपड्यांवर काजळी बसायची. वहिनी इराकच्या नावानं बोटं मोडत ते पुन्हा धुवायच्या.

संध्याकाळी दादा आला की ड्रायव्हरच्या सीटवर बसायचा. वहिनी चहा आणून द्यायच्या. वर्षा शाळेतल्या सवयीनं इंग्रजीत विचारायची, "पप्पा, व्हेअर आर वी गोइंग टुडे?" दादा मान वळवून मागं विचारायचा, "मॅडम, आज कुठं?" मग वहिनी गाव सांगायच्या. कधी वणी, कधी त्र्यंबक, बहुतेकदा सटाणा. दादा स्टिअरिंग फिरवायचा, पोरं हॉर्न तोंडानं वाजवायची, आणि कोणते कोणते फाटे लागले ते वहिनी शेगडीपाशी बसूनच सांगायच्या. एका संध्याकाळी हा प्रवास चालू असतानाच आकाशात मोठा धडाका झाला आणि बसच्या सगळ्या काचा खडखडल्या. मिलिंद वहिनींना बिलगला. दादाचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. माझा हात खिशातल्या पिकअपच्या किल्लीवर गेला. वहिनींचा आवाज मात्र जराही हलला नाही. "चालू द्या, देवळ्याचा फाटा मागं पडला. आलंच आता सटाणा," त्या म्हणाल्या. दादा हळूहळू स्टिअरिंग फिरवायला लागला... इतकं धैर्य मी पुन्हा कुणात पाहिलं नाही.

लढाई संपली, आम्ही फ्लॅटवर परतलो, पुढं सगळेच नाशिकला आलो. बसची किल्ली वहिनींच्या देव्हाऱ्यात राहिली. अबू हसननं ती परत घेतलीच नाही. आणि संध्याकाळच्या चहाला दादाचा प्रश्न राहिला, "मॅडम, आज कुठं?"

तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा ती किल्ली मी देवापुढून उचलली आणि गॅलरीत दादापाशी जाऊन बसलो. म्हटलं, वहिनी गेल्या, आता सांगून टाकतो.

"दादा, त्या बसला गिअरबॉक्स नव्हता."

"माहीत आहे," दादा म्हणाला. "पहिल्याच दिवशी वाकून बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तिकिटं काढावी लागली असती." तो म्हणाला. "जा जा म्हणत होतो, पण मलाही ती जायला नकोच होती रे. आणि तू पिकअप कशाला लावत होतास, तेही दिसत होतं मला."

"वहिनींना कधी सांगितलंस?"

"नाही. मला फसवलं म्हणून केवढी खूश असायची. तो आनंद कशाला काढून घ्यायचा?"

वर्षानं चहा आणून दिला आणि ती आत गेली. दादानं कप हातात घेतला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं मान वळवून आत विचारलं, "मॅडम, आज कुठं?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. दादाच्याही ते लक्षात आलं असावं, त्यानं कप खाली ठेवला.

"सटाण्याला, पप्पा," आतून वर्षा म्हणाली.

दादानं माझ्या हातातली किल्ली घेतली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि चहा प्यायला लागला.